शुश्रूषेतील श्रम आणि विश्रांती : कोकणाशी निगडित तीन कलाकृतींचा विचार

(१)

करुणरसप्रधान मराठी कलाकृतींची चर्चा करताना समीक्षकाचे लक्ष साहजिकपणे दुःख भोगणाऱ्या व्यक्तीकडे जाते. रुग्ण, विकलांग, भ्रमिष्ट किंवा बुद्धीने अपरिपक्व राहिलेले माणूस कलाकृतीच्या केंद्रस्थानी असते. त्याच्या उशाशी बसलेली आई, बहीण, पत्नी किंवा कन्या हिचा विचार बहुधा त्याच्या अनुषंगाने होतो, आणि झाला तर तिच्या त्यागाची प्रशंसा करून तो संपतो. या प्रशंसेत एक महत्त्वाचा भेद पुसला जातो. शोकाकुल माणूस आणि थकलेला माणूस हे दोघे एक नव्हेत. शोकाला सांत्वन लागते, श्रमाला विश्रांती लागते. प्रौढ विकलांगाची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणारी व्यक्ती या दोन्ही अवस्थांतून जात असते. मराठी कलाकृतींनी आणि त्यांच्या समीक्षेने यांपैकी पहिलीची दखल भरभरून घेतली, तितकी दुसरीची घेतली काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा भेद आपल्या साहित्यशास्त्राला अपरिचित नाही. भरताने करुणरसाचा स्थायिभाव शोक मानला. परंतु तेहतीस व्यभिचारी भावांची गणना करताना श्रम व ग्लानी यांना स्वतंत्र स्थान दिले. ग्लानीच्या कारणांत त्याने निद्राभंगाचाही समावेश केला आहे. रात्री चार-चार वेळा उठावे लागणाऱ्या मातेची अवस्था यापेक्षा अचूक शब्दांत क्वचितच सांगता येईल. शिवाय नाट्याचे प्रयोजन सांगताना भरत दुःखार्त, श्रमार्त आणि शोकार्त असे तीन निरनिराळे गट करतो व या सर्वांना नाट्य योग्य काळी विश्रांती देईल असे म्हणतो. म्हणजे श्रमाने पीडलेला माणूस हा शोकाने पीडलेल्या माणसाहून वेगळा ओळखला पाहिजे, ही जाणीव नाट्यशास्त्राच्या आरंभीच आढळते.

मराठी लोकजीवनानेही श्रमपरिहाराची एक व्यवस्था निर्माण केली होती. तिचे नाव माहेरपण. सासुरवाशिणीने ठरावीक सणाला काही दिवस माहेरी जावे, तेथे तिच्याकडून कोणी कामाची अपेक्षा धरू नये आणि परत येताना तिच्या मनात अपराधाची भावना नसावी, हे या व्यवस्थेचे तीन विशेष होत. माहेरपण ही कोणाची मेहरबानी नव्हती. ते रीतीने ठरलेले होते, नियतकालिक होते आणि मुख्य म्हणजे परतण्याची तारीख गृहीत धरून दिलेले होते. माहेरी गेलेल्या मुलीने सासर सोडले असे कोणी म्हणत नसे. अलीकडे समाजकार्याच्या क्षेत्रात ज्याला विसावासेवा म्हणता येईल, म्हणजे शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांना काही तास, काही दिवस किंवा काही आठवडे मोकळे करण्यासाठी दुसऱ्याने ती जबाबदारी उचलणे, तिचे मर्म हेच आहे. परंतु ज्या मातेचा पंचवीस वर्षांचा मुलगा स्वतःच्या हाताने जेवू शकत नाही, तिला माहेरपण नाही. तिचे माहेरही तिला मुलासकटच बोलावते, किंवा बोलावीत नाही.

याच संदर्भात एका नव्या मराठी शब्दाचा विचार करणे आवश्यक आहे. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातील मराठी कार्यकर्त्यांनी रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्या आप्ताला 'शुभंकर' असे शब्द रूढ केले आहेत. रुग्णाच्या कपाळी लागलेला कलंक पुसणारे म्हणून ते स्वागतार्ह होत. तथापि 'शुभंकर' या शब्दाचे एक ओझेही आहे. जो शुभच करतो, त्याने कंटाळावे कसे? ज्याला मंगलकारक म्हटले, त्याने 'आता मला दोन दिवस हे नको' असे म्हणावे कसे? गौरवाने दिलेले नाव माणसाला उंच नेते, परंतु त्या उंचीवरून त्याला खाली बसण्याचीही मुभा उरत नाही. पुढील तीन कलाकृतींचे परीक्षण करताना हीच कसोटी लावली आहे : शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीला कलाकृतीत केवळ गौरव मिळतो की विश्रांतीही मिळते, आणि मिळाल्यास ती कोणत्या रूपाने मिळते?

(२)

या विचारासाठी कोकण, विशेषतः रत्नागिरी जिल्हा, ही भूमी निवडण्यास कारण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. इतके प्रमाण त्या वेळी महाराष्ट्राच्या अन्य कोणत्याही जिल्ह्यात नव्हते. कर्ता पुरुष मुंबईस चाकरमानी आणि घर, शेत, म्हातारी माणसे व आजारी माणसे स्त्रीच्या स्वाधीन, ही येथील जुनी रचना या आकड्यात उतरली आहे. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला घरी येतो. परंतु त्या दिवसांत घरच्या बाईचे काम कमी होत नाही, उलट वाढते. घरात माणसांची भर पडली म्हणून हात हलके होतातच असे नाही, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवली पाहिजे.

दुसरा धागा सैनिकांचा. दापोली ही इंग्रजी अमदानीत लष्करी छावणी होती आणि निवृत्त सैनिकांच्या वसाहतीमुळे 'काँप दापोली' हे नाव पुढेही चालत राहिले. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे मूळ गाव असलेले सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ दापोलीसच राहिले होते. फौजेतून परत आलेला पेन्शनर हा या जिल्ह्याच्या गावगाड्यातील परिचित पुरुष आहे. तो जायबंदी होऊन परतला असल्यास त्याचे निवृत्तिवेतन त्याच्या नावाने येते, परंतु त्याला उठवणे-बसवणे ज्या घरात चालते त्या घरातील स्त्रीचे नाव कोणत्याही नोंदवहीत नसते.

तिसरा धागा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचा. १८८६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था येरवडा, ठाणे व नागपूर येथील रुग्णालयांबरोबर राज्यातील चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत गणली जाते. अशा संस्थांच्या जुन्या पद्धतीने कोकणातील कुटुंबांसमोर दोनच पर्याय ठेवले होते. रुग्णाला संपूर्णपणे घरी ठेवायचे किंवा संपूर्णपणे संस्थेच्या हवाली करायचे. पहिल्याला लोक सेवा म्हणत, दुसऱ्याला टाकून देणे. या दोहोंच्या मध्ये काही जागा असू शकते, म्हणजे काही दिवस दुसऱ्याने सांभाळावे आणि नंतर पुन्हा घरच्यांनी घ्यावे, ही कल्पना समाजाच्या व्यवहारात फारशी रुजली नाही. ती साहित्यात कितपत आढळते, हे आता पाहावयाचे आहे.

(३)

प्रथम 'श्यामची आई'. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक दापोली तालुक्यातील पालगडच्या परिसरात घडते. मातृभक्तीचा ग्रंथ म्हणून त्याचा गौरव झाला आहे आणि तो यथार्थच आहे. परंतु पुस्तकाच्या अखेरच्या भागात आई अंथरुणास खिळते तेव्हा तिची शुश्रूषा कोण करते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. श्याम दूर शिकत आहे. घरात वडील आहेत, लहान भाऊ आहे. शेजारच्या स्त्रिया येऊन जाऊन पाहतात आणि अखेरीस आईची बहीण, सखूमावशी, येते व सर्व भार आपल्याकडे घेते.

वाङ्मयीन दृष्टीने मावशीचे हे आगमन अत्यंत अर्थपूर्ण आहे. आजाऱ्याजवळ कोणी असणे यासाठी त्या समाजापाशी एक यंत्रणा होती आणि तिचे नाव नाते असे होते. वडिलांना आणि धाकट्या मुलाला जे झेपत नव्हते, ते मावशीने झेपवले. येथे माहेर सासरी आले, असे म्हणता येईल. ज्या बहिणीकडे आईने विसाव्यासाठी जावयाचे, तीच आईकडे आली. तथापि लेखकाचे सर्व लक्ष दोन भावनांवर आहे : आईचे कष्टमय जीवन आणि तिच्याजवळ नसल्याची मुलाच्या मनातील खंत. मावशी थकली काय, तिला कोणी सोडवले काय, याची विचारणा पुस्तक करीत नाही. सेवेची परंपरा एका स्त्रीकडून दुसऱ्या स्त्रीकडे जाते आणि प्रत्येक हस्तांतराबरोबर नवी व्यक्ती वंदनीय ठरते, परंतु थकण्याचा अधिकार कोणालाच मिळत नाही.

हा दोष साने गुरुजींच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. आठवणी सांगणारा श्याम हा दूर असलेला मुलगा आहे. जे त्याने पाहिलेच नाही, त्या रात्रींचा शीण तो सांगणार कसा? कथनाची दृष्टीच अशी निवडली गेली आहे की शोक तिच्या टप्प्यात येतो, श्रम येत नाही. शोक अनुपस्थित माणसालाही होतो; श्रम केवळ उपस्थित माणसाला होतात. मराठीतील कितीतरी स्मरणपर लेखन दूर राहिलेल्या मुलांनी लिहिलेले आहे, आणि शुश्रूषेचे चित्रण त्यात भावपूर्ण असूनही अपुरे का राहते याचे एक कारण येथे सापडते.

(४)

जयवंत दळवी यांचा जन्म १९२५ चा. त्यांचे आरवली हे गाव आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडते, परंतु १९८१ पर्यंत ते रत्नागिरी जिल्ह्यातच होते. १९९० च्या सुमारास रंगभूमीवर आलेल्या 'नातीगोती' या नाटकात त्यांनी जे कुटुंब उभे केले, ते मात्र पालगडच्या घरापासून फार दूरचे, शहरातील आहे. आई-वडील दोघेही नोकरी करणारे आणि घरी वयाने वाढलेला, बुद्धीने न वाढलेला त्यांचा मुलगा बच्चू. त्या काळी अशा मुलास सर्रास 'मतिमंद' म्हणत. आज 'बौद्धिक दिव्यांग' हा शब्द अधिक योग्य मानला जातो. दिलीप प्रभावळकर यांनी केलेली वडिलांची, काटदऱ्यांची, आणि अतुल परचुरे यांनी केलेली बच्चूची भूमिका मराठी प्रेक्षकांच्या दीर्घकाळ स्मरणात राहिली.

नाटकाच्या नावातच त्याचा प्रश्न सामावलेला आहे. 'नातीगोती' हा शब्द मराठीत आप्तांच्या विस्तृत गोतावळ्याचा बोध करतो. आत्या, मावशी, काका, चुलत, मावस, सोयरे असा सर्व परिवार त्यात येतो. सखूमावशी ज्या व्यवस्थेतून आली, ती हीच. दळवींनी हे भरलेले नाव अशा घराला दिले की जेथे बच्चूचा रोजचा भार दोनच माणसांच्या खांद्यावर आहे. नावाचा विस्तार आणि घराचा संकोच यांतील अंतर हाच नाटकाचा उपरोध होय. श्रमाची वाटणी करणारे कोणी उरले नाही म्हणजे नात्याचा अर्थ काय राहतो, हे दळवी विचारतात. 'श्यामची आई' पासून 'नातीगोती' पर्यंतच्या अर्धशतकाहून अधिक काळात सेवेची अपेक्षा तीच राहिली. ती सेवा वाटून घेणारे हात मात्र कमी झाले.

नाट्यमाध्यमाचा एक विशेष येथे दळवींच्या उपयोगी पडतो. कथेत 'मुलगा मोठा झाला होता' असे एक वाक्य लिहून लेखक पुढे जाऊ शकतो. रंगभूमीवर मात्र पूर्ण वाढलेल्या पुरुषाचा देह प्रेक्षकासमोर सतत असतो. त्या देहाची उंची, त्याचे वजन, त्याची जागी झालेली यौवनावस्था आणि त्याच वेळी त्याचे बालवर्तन हे सर्व एकाच दृश्यात दिसते. शेजारी उभ्या असलेल्या आईचे वाढते वय त्याच दृश्यात दिसते. मूल मोठे होत जाते आणि उचलणारे हात म्हातारे होत जातात, हे गणित रंगभूमी शब्दांवाचून मांडते. श्रम हा भाव येथे प्रथमच शोकाच्या बरोबरीने उभा राहतो, आणि हे 'नातीगोती'चे मोठे श्रेय मानले पाहिजे.

तथापि एक विसंगती उरते. नाटकाला मध्यंतर असते. प्रेक्षक उठतो, चहा घेतो, मोकळा श्वास घेतो आणि पुढील अंकाला सामोरे जाण्यास सज्ज होतो. हे मध्यंतर त्या दांपत्याच्या आयुष्यात नाही. भरताने श्रमार्तांना ज्या नाट्याने विश्रांती मिळेल असे म्हटले, ते नाट्य पाहण्यास काटदऱ्यांसारखे पती-पत्नी एकत्र जाऊच शकत नाहीत, कारण घरी बच्चूजवळ कोण बसेल हा प्रश्न तिकीट काढण्यापूर्वीच उभा राहतो. ज्यांच्यावर नाटक लिहिले, त्यांनाच ते पाहता येऊ नये, हा केवळ योगायोगाचा विनोद नव्हे. विश्रांतीची व्यवस्था नसणे म्हणजे कलेच्या आस्वादापासूनही वंचित राहणे होय, इतका त्याचा अर्थ गंभीर आहे.

(५)

तिसरी कलाकृती चित्रपट आहे. चित्रपटसंहितेचा समावेश वाङ्मयाच्या अभ्यासात करण्यास आता कोणाचा आक्षेप असू नये. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा चित्रपट २००४ मधील. सुमित्रा भावे (१९४३–२०२१) या मूळच्या समाजशास्त्राच्या व समाजकार्याच्या अध्यापिका-संशोधक असल्याने त्यांच्या संहितांत व्यक्तीबरोबर कुटुंबव्यवस्थेचे निरीक्षणही येते. या चित्रपटाच्या निर्मितीमागे कॅलगरी विद्यापीठात अध्यापन केलेले जगन्नाथ वाणी यांची प्रेरणा होती. त्यांनी स्वतः पत्नीच्या छिन्नमनस्कतेच्या आजारात दीर्घकाळ शुश्रूषा केली होती आणि पुण्यात या आजाराविषयी जागृती करणारी संस्था उभारली होती. म्हणजे दूर राहिलेल्या श्यामच्या उलट, येथे प्रेरणा देणारा माणूसच उपस्थित राहिलेला होता.

कोकणातील गावात वाढलेला शेष छिन्नमनस्कतेने ग्रस्त होतो. गावच्या देवराईने त्याचे मन व्यापलेले आहे. त्याची विवाहित बहीण सीना त्याला शहरातील आपल्या घरी आणते, उपचारांची सोय करते आणि आपला संसार व भावाचा आजार यांच्या ओढाताणीत सापडते. शेषच्या भ्रमांना चित्रपट जितके महत्त्व देतो, जवळजवळ तितकेच तो सीनेच्या दमणुकीला देतो. ती भावावर प्रेम करते आणि तरीही वैतागते. तिचे वैतागणे तिच्या प्रेमाचा अभाव म्हणून दाखवले जात नाही. शुश्रूषा करणाऱ्याच्या मनातील हा दुहेरीपणा मान्य करणे ही मराठी करुणरसाच्या परंपरेतील पुढची पायरी होय.

देवराई या प्रतिमेचा मात्र आणखी एक अर्थ आहे, जो चित्रपटाने पुरता वापरलेला नाही. देवराई म्हणजे गावाने देवाच्या नावाने राखलेले रान. तेथे कुऱ्हाड चालवायची नाही, असा सर्वांचा नियम असतो. हा नियम कोणा एकाच्या चांगुलपणावर अवलंबून नसतो. ज्याला झाडांविषयी माया नाही, तोही तो पाळतो. कोकणातील शेतकरी वरकस जमीनही काही वर्षे पडीक ठेवून तिला विसावा देत आला आहे, कारण सतत पिके घेतलेली जमीन निकस होते हे त्याला ठाऊक असते. भूमीला विश्रांती देण्याची रीत ज्या समाजाने घालून दिली, त्याने माणसाला विश्रांती देण्याची रीत का घालू नये? चित्रपटात देवराई शेषच्या मनाचे रूपक होते. ती सीनेच्याही गरजेचे रूपक होऊ शकली असती. कारण वारंवार तोडला जाणारा आणि कोणत्याही नियमाने न राखलेला भाग तिच्या आयुष्यात आहे.

याच दोघांचा पुढचा 'अस्तु' हा चित्रपट कोकणातला नाही, परंतु तुलनेसाठी त्याचा उल्लेख अपरिहार्य आहे. २०१३ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत गौरवलेल्या या चित्रपटात संस्कृतचे विद्वान चक्रपाणी शास्त्री यांची स्मृती लोपत चालली आहे. डॉ. मोहन आगाशे यांनी ती भूमिका केली. त्यांची कन्या इरा काही मिनिटांच्या कामासाठी त्यांना मोटारीत बसवून दुकानात जाते. तेवढ्यात रस्त्याने जाणाऱ्या हत्तीमागे ते निघून जातात आणि हरवतात. सांभाळणाऱ्याने घेतलेली काही मिनिटे हाच सर्व कथानकाचा उगम होय. विश्रांती येथे अपघात म्हणून येते आणि तिची किंमत अपराधबोधाच्या रूपाने वसूल केली जाते.

परंतु 'अस्तु'चा उत्तरार्ध निराळे काही सुचवतो. हत्तीच्या माहुताची पत्नी चन्नम्मा, भाषा वेगळी, जात-वर्ग वेगळा, त्या वृद्धाला लेकरासारखे जवळ करते. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रक्ताचे नाते नसलेली स्त्री तेच काम करते आणि ते उत्तम होते. मुलीवाचून बाप सांभाळला जाऊ शकतो, ही गोष्ट मुलीला लज्जेची नसून मुक्तीची ठरू शकते, हे चित्रपटाने दृश्यांतून सांगितले आहे. सखूमावशीच्या जागी चन्नम्मा आली, हा या सर्व प्रवासातील लक्षणीय बदल आहे. मात्र चन्नम्माही योगायोगाने भेटते. तिला कोणी नेमलेले नाही, आणि तिच्या स्वतःच्या श्रमाचा हिशोबही कोणी ठेवीत नाही.

(६)

येथे एक आक्षेप संभवतो. कलाकृती ही समाजकल्याणाची योजना नव्हे. शुश्रूषा करणाऱ्याला कथेत विश्रांती दिली तर करुणरसाची तीव्रता ओसरेल, असे कोणी म्हणेल. आक्षेपाचा पूर्वार्ध मान्य आहे. लेखकाने सोयी पुरवाव्यात अशी अपेक्षा येथे नाही. उत्तरार्ध मात्र तपासून पाहिला पाहिजे. 'अस्तु'मध्ये सर्व नाट्य काही मिनिटांच्या उसंतीतूनच निर्माण झाले आहे. विश्रांती घ्यावी की न घ्यावी, घेतली तर कोणाच्या भरवशावर, परतल्यावर काय दिसेल, हे प्रश्न स्वभावतःच नाट्यपूर्ण आहेत. त्यांचा अभाव हा रसाचा नियम नसून निरीक्षणाची उणीव आहे.

कायद्याची भाषा या बाबतीत साहित्याच्या एक पाऊल पुढे गेली आहे, हे सांगताना संकोच वाटण्याचे कारण नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने आत्ममग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी ज्या कार्यक्रमांना साहाय्य देता येईल असे म्हटले, त्यांत विसावासेवा, पालक-कुटुंबाकडील काळजी आणि दिवसाची काळजी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पुढे या न्यासाच्या 'समर्थ' योजनेत अल्पकालीन निवासी काळजीचा अंतर्भाव झाला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने काळजीवाहकाची व्याख्या करताना मोबदला घेणारा व न घेणारा असा भेद केला नाही आणि आई-वडील व इतर कुटुंबीय यांना तीत नावाने स्थान दिले. अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूदही त्यात आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवांचा समावेश केला.

सैनिकांच्या बाबतीत पूर्णतः विकलांग झालेल्या निवृत्तिवेतनधारकास सतत परिचर्येसाठी भत्ता देण्याची तरतूद आहे. २०१७ मध्ये तो दरमहा ६,७५० रुपये करण्यात आला. खडकी येथे विकलांग सैनिकांच्या व्यवसायशिक्षणासाठी १९१७ मध्ये सुरू झालेली क्वीन मेरी संस्था आहे आणि पक्षाघातग्रस्त सैनिकांसाठी १९७४ मध्ये तेथे पुनर्वसन केंद्र स्थापन झाले. या सर्वांचे मोल मोठे आहे. परंतु त्यांच्या रचनेकडे समीक्षकाच्या नजरेने पाहिल्यास जुनीच विभागणी पुन्हा दिसते : घरी असल्यास पैसा, बाहेर असल्यास संस्था. भत्त्यात परिचर्येचे मोल आहे, परंतु परिचर्या करणाऱ्याच्या वेळेचा विचार नाही. अमेरिकेत माजी सैनिकांच्या आरोग्यव्यवस्थेत सांभाळणाऱ्या आप्ताला वर्षाकाठी साधारणतः ३० दिवसांपर्यंत विसावासेवा मिळण्याची सोय आहे आणि २०१० मध्ये तेथे या आप्तांसाठी स्वतंत्र कायदाही झाला. त्या देशाच्या सर्वच व्यवस्था अनुकरणीय आहेत असे नाही. परंतु विश्रांती दिवसांत मोजली गेली, हे महत्त्वाचे. माहेरपणही दिवसांतच मोजले जात असे.

रत्नागिरी शहरात 'आविष्कार' संस्थेच्या शामराव भिडे कार्यशाळेत बौद्धिक दिव्यांग प्रौढ दिवसा काम शिकतात. अशा कार्यशाळेचा हेतू शिकणाऱ्याचे स्वावलंबन हा असतो. परंतु तिचे दुसरे फळ घरी मिळते. सकाळी मुलगा कार्यशाळेत गेला आणि संध्याकाळी परतला, एवढ्या वेळात त्याच्या आईला बाजार, बँक, दवाखाना किंवा नुसती झोप साधता येते. 'नातीगोती'तील घराला अशी एक कार्यशाळा शेजारी असती तर नाटक संपले असते असे नव्हे. निराळे नाटक सुरू झाले असते. ते मराठीत लिहिले जाण्याची आवश्यकता आहे.

(७)

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा. 'श्यामची आई'त सेवा करणारी व्यक्ती नात्याच्या व्यवस्थेतून येते, परंतु तिचा शीण कथनाच्या कक्षेबाहेर राहतो. 'नातीगोती'त नात्याची व्यवस्था कोसळलेली आहे आणि शीण प्रथमच रंगभूमीच्या मध्यभागी येतो, पण त्याला उतार नाही. 'देवराई'त शीण प्रेमाशी विसंगत नाही हे मान्य होते. 'अस्तु'त विश्रांती घडते, पण ती अपघाताने घडते आणि अपराध म्हणून भोगली जाते. या चारही ठिकाणी विश्रांती ही रीत म्हणून, म्हणजे ठरलेली, परतीची तारीख असलेली आणि लाज न वाटणारी अशी, कोठेही येत नाही. सेवा आणि त्याग यांच्या एका टोकाला आणि टाकून देण्याच्या दुसऱ्या टोकाला मराठी कल्पनाशक्ती सहज पोहोचते. मधली भूमी अद्याप पुरेशी पाहिली गेलेली नाही.

या उणिवेत समीक्षेचाही वाटा आहे. मातेचा त्याग, भगिनीचे प्रेम, पत्नीची निष्ठा असे शब्द परीक्षणांत वापरताना त्या स्त्रीला किती वर्षे सलग झोप मिळालेली नाही, हे विचारण्याचा प्रघात आपल्याकडे पडला नाही. स्थायिभाव शोधताना व्यभिचारी भाव दुर्लक्षित राहिले, आणि श्रम व ग्लानी हे तर नेमके त्यांतलेच. यापुढे अशा कलाकृतींचे परीक्षण करताना या दोन भावांची स्वतंत्र नोंद घेतली जावी. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात, जेथे अशी शुश्रूषा अजूनही बहुतांशी घरातील एका स्त्रीवर सोपवलेली आहे, तेथील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी या स्त्रियांच्या तोंडून त्यांच्या दिनक्रमाचे कथन गोळा करावे. कारण आजवरचे लेखन बहुतेक दूर असलेल्यांचे आहे, आणि जवळ असलेल्यांना लिहिण्यास लागणारी उसंत अद्याप मिळालेली नाही.